प्राणरक्षण आणि पात्रता

ज्याने व्यसनाच्या ओढीने मात्रेची मर्यादा ओलांडली, त्याचे प्राण वाचवण्यास धावणाऱ्याने आधी त्याची पात्रता तपासावी काय, हा प्रश्न वर्धा जिल्ह्यात निव्वळ तात्त्विक राहत नाही. कारण १९७४ पासून दारूबंदीचा अंमल असलेल्या या भूमीत कोणतीही नशा बदनामीचे कारण ठरते, वैद्यकीय कारणावाचून अफूवर्गीय द्रव्यांचे सेवन तर १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गुन्हाच आहे, आणि १०८ क्रमांक फिरवण्यापूर्वी नातलगांच्या मनात पंचनाम्याचे भय उभे राहिले तर नवल नाही.

अफूवर्गीय द्रव्य अति झाले की मेंदूतील श्वसनकेंद्र मंदावते, ओठ निळसर पडतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. नॅलोक्सोन हे औषध त्या द्रव्याला त्याच्या जागेवरून हुसकून लावते आणि पुष्कळदा काही मिनिटांत श्वास परततो. कापसाच्या या मुलुखाला अधिक परिचित असलेल्या कीटकनाशकाच्या विषबाधेतही बाहुल्या तशाच बारीक होतात, पण तेथे लाळ गळते, छातीत स्राव दाटतो, आणि उतारा ॲट्रोपिनचा. रुग्णवाहिकेत दोन्ही औषधे हवीत, आणि हा भेद ओळखणारी नजरही.

आक्षेप असा की, तो आपले कर्मफळ भोगतो आहे. वाचवाल तर पुन्हा तेच करील. करीलही. नॅलोक्सोनचा प्रभावही तास-दीड तासात ओसरतो, पोटातले वा रक्तातले द्रव्य त्याहून टिकले तर श्वास पुन्हा बुडतो, म्हणून औषध देणाऱ्याला तेथून उठता येत नाही. परंतु त्याचे कोसळणे जर कर्माच्या व्यवस्थेत बसत असेल, तर त्याच क्षणी औषधासह माझे तेथे असणेही त्याच व्यवस्थेत बसते. कर्मसिद्धांत स्वतःच्या आचरणाचा जाब घेण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या उशाशी बसून निवाडा देण्यासाठी नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

याच जिल्ह्यातील सेवाग्रामात, गांधीजींच्या आश्रमात, हा वाद आचरणाने मिटवला गेला होता. कुष्ठरोग हे पूर्वपापाचे फळ मानले जाण्याच्या त्या काळात त्याच रोगाने ग्रासलेले संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री आश्रमात आले, तेव्हा गांधीजींनी आपल्या कुटीजवळ त्यांना झोपडी दिली आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालिश केले. आणि हेच गांधीजी दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते होते. व्यसनाचा निषेध आणि व्यसनी माणसाची शुश्रूषा यांत त्यांना विरोध दिसला नसता, हे सांगायला अधिक पुरावा नको.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये, प्रसंगी जवळ असण्याचा संभव असलेल्या आप्तेष्टांच्या हातीही नॅलोक्सोन असावे, अशी शिफारस केली. आपल्याकडे ते रुग्णवाहिकेपासून उपकेंद्रापर्यंत पोहोचावे, हाती घेणाऱ्याला शिकवले जावे, आणि मदत मागणाऱ्याचा जाबजबाब रुग्णाचा श्वास स्थिर होईपर्यंत कोणीही घेऊ नये, असा स्पष्ट हुकूम निघावा.