अंतर्द्रव्य आणि अंतःकरण

“माणूस मनाचा फार चांगला, वागण्यात तेवढा कमी पडतो,” असा निर्वाळा आपल्या घराघरांतून नित्य ऐकू येतो. कोकणच्या फणसाचा दृष्टांतही जोडीस हजर असतोच: वरून काटे, आत गरे. मन आणि आचरण या दोन निरनिराळ्या वस्तू असून एकीच्या दोषाने दुसरी मलिन होत नाही, असे यात गृहीत धरलेले असते. ते कितपत खरे आहे?

फणस बाजूस ठेवून आम्ही वाचकांस एका क्षुद्र जीवाकडे नेऊ इच्छितो. पनवेलची वडाळे, कृष्णाळे ही तळी सर्वश्रुत आहेत. अशा गोड्या, संथ पाण्याच्या गाळात, कुजत्या पानांच्या आश्रयाने अमीबा राहतो. रोझेल या जर्मन निरीक्षकाने असला जीव १७५५ साली प्रथम वर्णिला. त्याचा देह एकाच पेशीचा. सूक्ष्मदर्शकातून पाहता तिच्यातील द्रव्याचे दोन भाग दिसतात: कडेला स्वच्छ, घट्टसर बहिर्द्रव्य, आत कणमय, प्रवाही अंतर्द्रव्य. केंद्रक आणि पचत असलेले अन्न यांचे स्थान आतच. येथवर फणसाचीच आठवण व्हावी.

परंतु अमीबा चालू लागला की हा भेद कायम राहत नाही. अंतर्द्रव्य पुढे वाहत जाते, छद्मपादाच्या टोकाशी दोन्ही बाजूंस वळते व तेथेच थिजून बाहेरचा थर बनते. मागच्या अंगास तोच थर विरघळून पुन्हा आत शिरतो. हा प्रवाह मागून रेटला जातो की पुढून ओढला जातो, यावर शास्त्रज्ञांत पुष्कळ वाद झाला. अदलाबदल मात्र डोळ्यांस दिसते.

सृष्टीच्या घडामोडींवरून नीतीचे नियम काढू नयेत, हे आम्ही जाणतो. अमीबास पापपुण्य नाही. तथापि दृष्टांत म्हणून तो फणसाहून आपल्यास जवळचा आहे. कारण मनुष्यही चालता जीव आहे.

एक उदाहरण घेऊ. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन २०२५ साली झाले. त्याच्या चाहुलीने पनवेलकडील जमिनींचे भाव आधीपासूनच चढत आले होते. वडिलार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतकाच हक्क हिंदु वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने दिला. तरी हक्कसोड पत्रावर बहिणीची सही घेण्याची रीत महाराष्ट्रात चालूच आहे. जी खुषीने सही करते, तिची गोष्ट वेगळी. पण भिडेस घालून सही घेणारा भाऊही म्हणतो, “माया काही कमी झालेली नाही.” त्या दिवशी ते खरेही असेल. परंतु केलेले कृत्य बाहेर राहत नाही. समर्थनाच्या रूपाने ते आत झिरपते. तिचा हक्क आठवू नये म्हणून तो तिलाच कमी आठवू लागतो, आणि भाऊबीज ओवाळणीच्या पाकिटापुरती उरते. उलट, मनातून कुरकुरत का होईना, जो तिचा वाटा तिच्या हाती देतो, त्याचे ते देणेही कालांतराने आत उतरते.

तेव्हा कोणी आपल्या चांगल्या मनाची ग्वाही देऊ लागला, तर ते मन कोणत्या कृत्यात उतरले, एवढे विचारावे. आणि हा प्रश्न प्रथम स्वतःस विचारावा.