रात्र कोणाची?

सरकारी कचेऱ्यांत ज्यांचे आयुष्य चालले आहे त्यांना मसुद्यांतील काही वाक्ये इतकी परिचयाची होतात की वाचताना डोळा त्यांवर थांबतच नाही. रस्ता खोदून जलवाहिनी, वीजवाहिनी किंवा दूरसंचाराची तार टाकण्यास जी परवानगी दिली जाते तिच्यात असेच एक वाक्य आढळते : नागरिकांची गैरसोय होऊ नये म्हणून काम रात्रीच्या वेळी करण्यात यावे. वाक्य सद्‌हेतूचे आहे, यात शंका नाही. दिल्लीसारख्या शहरात दिवसा हमरस्त्याची एक बाजू अडवली की काय अनर्थ होतो हे बसमध्ये तासभर उभे राहिलेल्या माणसास सांगावयास नको. तथापि या वाक्यात एक हिशेब दडलेला आहे आणि तो मांडून पाहण्याचे आम्ही येथे योजिले आहे. काम रात्री केल्याने गैरसोय एकाच्या खात्यातून निघून दुसऱ्याच्या खात्यात जमा होते. तो दुसरा कोण, हे वाक्य सांगत नाही. तो नागरिकांत मोडतो की नाही, हेही सांगत नाही.

प्रथम नियम पाहू. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी रात्रीची व्याख्याच करून ठेविली आहे : रात्री दहा ते सकाळी सहा. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. २०१० साली त्यांत भर पडून निवासी भागात व शांतता क्षेत्रात आवाज करणारी बांधकामाची यंत्रे रात्री चालवू नयेत, असे स्पष्ट सांगण्यात आले. पुढे २०१२ साली रामलीला मैदानाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने झोपेचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात अंतर्भूत आहे, असे मानले. म्हणजे वाहतुकीची सोय पाहणारा म्हणतो, खोदावयाचे तर रात्री खोदा. आणि शांततेची काळजी वाहणारा म्हणतो, रात्री यंत्र लावू नका. दोन्ही आज्ञा आपापल्या जागी रास्त आहेत, आणि त्या दोहोंच्या मध्ये ठेकेदार उभा आहे.

आमच्या वसाहतीत यावर जो तोडगा निघालेला दिसतो तो मोठा उद्बोधक आहे. कोणी तक्रार केली की काँक्रीट फोडणारे यंत्र थांबते आणि पहार व कुदळ सुरू होते. यंत्राच्या आवाजास मर्यादा घातलेली आहे. तेच काम पाठीवर घेणाऱ्या माणसाच्या श्रमास कोणी डेसिबल लावीत नाही. दोन्ही नियमांचा मान अशा रीतीने राखला जातो आणि त्याची किंमत खड्ड्यात उतरलेला माणूस देतो.

सुरक्षिततेची कथाही अशीच आहे. कामाच्या जागी वाहतूक कशी हाताळावी याविषयी भारतीय रस्ते काँग्रेसची २०१४ सालची मार्गदर्शिका आहे. किती अंतरावर पूर्वसूचनेची पाटी हवी, वाहने हळूहळू बाजूस कशी वळवावीत, कठडे कसे असावेत, अंधारात चमकणारे पट्टे कोठे लावावेत, हे सारे तीत विस्ताराने दिले आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा काय दिसते? चार विटा, झाडाची एक फांदी आणि तिला बांधलेली लाल चिंधी. गंमत अशी की अंधुक प्रकाशात मानवी डोळ्यास सर्वांत आधी लाल रंगच काळवंडलेला दिसू लागतो. पुर्किन्ये नावाच्या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच हे नोंदवून ठेविले आहे. म्हणजे आपण धोक्याची खूण म्हणून जी लावतो तीच रात्री सर्वांआधी नाहीशी होते.

आणि वेळ तरी किती मिळतो? वाहतूक ओसरावयास अकरा वाजतात. कठडे लावणे, वरचा थर फोडणे, माती उपसणे, नळ किंवा तार बसविणे आणि सकाळी रहदारी सुरू होण्यापूर्वी चर बुजविणे, हे सर्व पाच-सहा तासांत उरकावयाचे असते. चर नीट बुजवावयाचा तर माती वीतभराच्या थरांनी टाकावी लागते, प्रत्येक थरावर पाणी शिंपून धुमस करावी लागते. हे काम शेवटी येते, म्हणजे पहाटे चारच्या सुमारास, जेव्हा शरीराचे उष्णमान व सावधपणा दोन्ही तळाशी गेलेली असतात. सारी माती एकदम लोटली जाते. पहिल्या पावसात रस्ता खचतो, आणि आपण मजुराच्या कामचुकारपणास बोल लावतो. अशा कित्येक रात्री तर मुळात टळण्याजोग्या असतात. एकाने बुजविलेले दुसऱ्याने उकरू नये, तिसऱ्याची तार तोडू नये, यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप काढले. विचारून खोदण्याची सवय मात्र ॲपने लागत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कायद्याने ज्याची झोप राखली तो रात्री दहास निजणारा मनुष्य. जो रात्रभर खणतो त्याची रात्र सकाळी सहास सुरू होते आणि ती वेळ कायद्याच्या लेखी दिवस आहे. तो पदपथालगत प्लॅस्टिकच्या कापडाखाली निजतो. शेजारून मोटारी जातात, भोंगे वाजतात, मे महिन्यात पारा ४४ अंशांवर असतो, आणि कापडाच्या दुसऱ्या टोकास त्याचे मूल जागे असते. उन्हाळ्यात रात्रीचे काम मजुरांनाच बरे वाटते, असे कोणी म्हणेल तर ते आम्ही नाकारीत नाही. खणणे रात्री सुसह्य होते हे खरे. परंतु निजणे दिवसा असह्य होते. शरीराचे घड्याळ उलटे फिरविणारी रातपाळी संभाव्य कर्करोगकारक आहे, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली दिला आणि २०१९ साली तो कायम ठेविला. गीतेत सर्वांच्या रात्री जागणाऱ्या संयमी पुरुषाचे वर्णन आहे. आमच्या खणणाऱ्यास ते लागू करण्याचा मोह कोणा सुभाषितप्रियास होऊ नये.

‘पुष्कळांचे पुष्कळ सुख’ या तत्त्वावर हे सारे समर्थनीय ठरेल काय? लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त या मताची परीक्षा करताना एक उदाहरण घेतले आहे, आणि योगायोग असा की तेही रस्त्याचेच आहे. अमेरिकेतील एका शहरात ट्रामगाडी सुरू करावयाची होती. सरकारी मंजुरीस विलंब लागेल म्हणून कारभाऱ्याने अधिकाऱ्यांस लाच देऊन ती लवकर मिळविली. ट्राम झाली, सर्वांची सोय झाली. आणि मागाहून प्रकरण उघडकीस येऊन खटला झाला. लोकांचे सुख वाढले म्हणून कृत्य निर्दोष ठरत नाही, कर्त्याची बुद्धी पाहावी लागते, असा टिळकांचा रोख. आमच्या वाक्यात लाच नाही, दुष्ट बुद्धीही नाही. त्यात नुसते न पाहणे आहे. सुखाची बेरीज करताना एक आकडा मांडलाच नाही, तर बेरीज चुकली हे दाखविण्यास बुद्धीपर्यंत जाण्याचीही गरज उरत नाही.

‘तो मजुरी घेतो, खुशीने येतो,’ हे उत्तर आम्ही पुष्कळदा ऐकतो. रातपाळी अनेक जण करतात हे खरे. पण रेल्वेच्या इंजिनचालकास रात्र संपली की विश्रांतीगृह मिळते, खाट मिळते. आणि आपल्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या रात्रभत्त्याचा नियम वाचकांपैकी अनेकांस पाठ असेल : रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतील प्रत्येक तासास दहा मिनिटांचा अधिभार धरला जातो. म्हणजे आपल्या पटावरील माणसाचा रात्रीचा तास सरकार सत्तर मिनिटांचा मानते. रात्रीचे मोल सरकारास ठाऊक नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. ठेकेदाराच्या मजुराचा तास मात्र साठ मिनिटांचाच राहतो. मजुरी चराच्या लांबीवर ठरली असेल तर तास मोजण्याचाच प्रश्न येत नाही.

महाराष्ट्रात शेतीपंपांना रात्री वीज मिळते म्हणून शेतकरी वर्षानुवर्षे काळोखात, विंचू-सापांच्या भीतीत पाणी धरीत आले. ही वीज दिवसा द्यावी ही त्यांची मागणी शेवटी मान्य झाली आणि २०१७ साली सौर कृषी वाहिनीची योजना आली, २०२३ साली तिचा दुसरा टप्पा निघाला. शेतकऱ्यास संघटना आहे, मत आहे, गाव आहे. बुंदेलखंडातून किंवा मालद्याहून आलेल्या खणणाऱ्यासाठी दिवस मागणार कोण?

हमरस्ते, मोठे चौक, फुटलेली मुख्य जलवाहिनी, येथे रात्रीवाचून गती नाही. तेथे सत्तर मिनिटांचा तास आणि दिवसा निजावयास छताची जागा या अटी परवानगीतच घालाव्यात, आणि बुजविण्यासाठी दुसरी तुकडी ठेवावी. परंतु आमच्या वसाहतीतील गल्लीत, जेथे दिवसा भाजीवाला व दहा-वीस गाड्या यांपलीकडे वाहतूक नाही, तेथे तेच वाक्य जसेच्या तसे का उतरवावे, हे आम्हांस कळत नाही. दिवसा खोदले तर दहा ते चार नळास पाणी नसेल, धूळ होईल. शेजारच्या एका गृहस्थांपुढे हा विचार मांडला तेव्हा त्यांनी लगेच विचारले, “मग आमची मोटार कोठे ठेवावयाची?” शंका वाजवी आहे. वसाहतीमागील मैदानात तीस-चाळीस मोटारी सहज राहतील. तेथून त्यांच्या दारापर्यंत चार मिनिटांची वाट आहे.