सोडून देण्याची मुभा

लढाईतून परतलेला माणूस आपल्या देहाला पुन्हा कष्टात का लोटतो? 28 एप्रिल 1919 रोजी स्ट्रासबर्गहून निघालेल्या सायकल शर्यतीबद्दल वाचताना हा प्रश्न मनात घर करतो. पहिले महायुद्ध थांबून सहा महिनेही झाले नव्हते. ‘ल पती जुर्नाल’ या पॅरिसच्या दैनिकाने ही शर्यत थेट रणभूमीवरून आखली होती. टप्पे सात, अंतर सुमारे 2,000 किलोमीटर. स्पर्धकांतले कितीतरी जण नुकताच गणवेश उतरवून आले होते. निघाले 87, पोचले 21.

ब्रुसेल्स ते आमियां हा तिसरा टप्पा 323 किलोमीटरचा होता. वाट ईप्रसारख्या उद्ध्वस्त गावांतून जात होती. तोफगोळ्यांनी रस्ते उखडलेले, वर पाऊस आणि बोचरा वारा. कुठे सायकल हाकायची, कुठे हाताने ढकलत न्यायची. बेल्जियमचा शार्ल दरुयटेर पहिला आला, त्यालाही अठरा तासांवर वेळ लागला. मागे राहिलेल्यांची रात्र वाटेतच गेली. पुढे सगळी शर्यत दरुयटेरनेच जिंकली.

अशा कथेत आपली नजर 21 जणांच्या जिद्दीवर खिळते. मला मात्र उरलेले 66 जण तेवढेच मोलाचे वाटतात. ते मध्येच उतरले आणि घरी गेले. कुणी त्यांना पळपुटे म्हणून पकडले नाही. काही महिन्यांपूर्वी याच भागात पाय मागे घेणे हा गुन्हा होता. पळून जाणे, भेकडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश सैन्याने त्या युद्धात आपल्याच 306 सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांना माफी मिळाली ती 2006 साली. त्याच चिखलात, तसेच थकलेले शरीर आता ‘पुरे’ म्हणू शकत होते. शर्यतीने सैनिकाला परत दिली ती ही मुभा.

कुणी म्हणेल, त्या सायकलस्वारांनाही पोट होतेच. बक्षिसासाठीच तर ते निघाले. खरे आहे. गरज माणसाला रस्त्यावर आणते आणि दमेपर्यंत राबवते. पण गरजेपोटी निघालेल्या माणसालाही कुठल्या फाट्यावर थांबायचे हे ठरवता येते, हुकमाखाली निघालेल्याला येत नाही. आणि थांबणे हातात असताना जो पुढे जातो, त्याचीच चिकाटी खऱ्या अर्थाने त्याची स्वतःची असते.

आपल्या सातारा-सांगलीकडे हे समजून घेण्याची गरज अधिक आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेले आहे. त्या एका गावचे 46 जण पहिल्या महायुद्धात कामी आले. जिथे घरटी फौजी, तिथे मागे न हटणे हे लहानपणापासून अंगात मुरते. त्याचा अभिमान रास्तच आहे. मात्र निवृत्त होऊन आलेल्या माणसाच्या मागेही आपण तीच अपेक्षा लावून ठेवतो.

असेच एक फौजी मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. 1965 च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, कण्याला इजा झाली आणि कंबरेखालचे शरीर लुळे पडले. पाण्यात उतरले ते उपचार म्हणून. तिथेच थांबले असते तरी त्यांच्या शौर्यात काडीचे उणे आले नसते. देशाचे मागणे त्यांनी आधीच पुरे केले होते. तरीही ते पोहत राहिले. 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल त्यांनी 37.33 सेकंदांत पूर्ण केली. पॅरालिम्पिकमधले ते भारताचे पहिले सुवर्णपदक. त्यांना लागलेल्या गोळ्या हुकमाच्या पालनातल्या होत्या, ते 50 मीटर मात्र त्यांनी स्वतःहून पत्करलेले होते. म्हणून मला ते पदक त्यांच्या युद्धातल्या पराक्रमाची पुरवणी वाटत नाही. ती वेगळी, त्यांची एकट्याची कमाई आहे.

तेव्हा गावात परतलेल्या फौजीला पहाटे मैदानावर पोरांकडून भरतीची तयारी करून घ्यावीशी वाटली, तर त्याला मैदान मिळावे. पोहावेसे वाटले, सायकल मारावीशी वाटली, तर त्याचीही सोय व्हावी. आणि त्याला नुसते ओट्यावर बसावेसे वाटले, तर ‘फौजी असून दमलास?’ असे कुणी विचारू नये. दमण्याचा हक्क त्याने आधीच कमावला आहे. तो हक्क आपण मान्य केला, तरच त्याचे पुन्हा उठणे त्याचे स्वतःचे ठरेल.