पीडा टळते म्हणजे कोठे जाते?

बलिप्रतिपदेला ओवाळताना आपल्याकडे बायका म्हणतात, ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो.’ लहानपणापासून हे शब्द आपण इतक्या वेळा ऐकलेले असतात, की त्यांचा अर्थ विचारावा असे कोणाला वाटत नाही. पण एकदा मनात आला, की एक प्रश्न काही केल्या जात नाही. पीडा टळते म्हणजे नक्की काय होते? ती विरघळून नाहीशी होते, की माझ्या दारावरून उठून शेजाऱ्याच्या दारात जाऊन बसते? आणि ती शेजाऱ्याच्या दारात बसली असेल, तर मी माझ्या दारी दिवा लावून आनंद मानावा की मानू नये?

हा प्रश्न आम्हां किनाऱ्यावरच्या माणसांपुढे ३ जून २०२० रोजी अगदी उघडावाघडा होऊन उभा राहिला. अरबी समुद्रात उठलेले चक्रीवादळ मुंबईच्या रोखाने येत आहे, असे आदले दोन दिवस सांगितले जात होते. त्याचे नाव ‘निसर्ग’. ते बांगलादेशाने सुचवलेले होते. दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान त्याने अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडला. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. किहीमपासून श्रीवर्धन-दिवेआगरपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्यांनी माना टाकल्या, कौले पाचोळ्यासारखी उडाली, विजेचे खांब आडवे झाले. आणि संध्याकाळी सगळीकडे एकच वाक्य ऐकू येऊ लागले : वादळ टळले. मुंबईवरचे टळले, हे खरेच होते. पण ज्याच्या डोक्यावरचे छप्पर त्याच दुपारी गेले होते, त्याच्या कानाला ते वाक्य कसे लागले असेल?

येथे आधी वाऱ्याची बाजू ऐकून घेतली पाहिजे. कारण आपली अशी समजूत असते, की संकट माणूस पाहून येते. चक्रीवादळाला असे काही ठाऊक नसते. उन्हाने तापलेल्या समुद्राची वाफ वर चढते, खाली हवेचा दाब कमी होतो, आणि ती उणीव भरून काढायला चहूकडून वारा धावत येतो. पृथ्वी फिरते आहे म्हणून तो सरळ न येता आपल्या गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गरगरतो. त्या दिवशी वादळ ईशान्येकडे चालले होते. त्यामुळे त्याच्या उजव्या अंगाला, म्हणजे दक्षिणेकडे, वारा समुद्रावरून जमिनीवर चाल करून आला. आणि डाव्या अंगाला, मुंबईच्या बाजूस, तो बराचसा जमिनीकडून समुद्राकडे वाहिला. म्हणजे मुंबईचे पुण्य मोठे आणि श्रीवर्धनचे थोडे, असा हा हिशेब नव्हता. वाट जरा वर सरकली असती, तर डावे अंग उजवे झाले असते. जेथे निवड झालीच नाही, तेथे निवडले गेल्याचा अभिमान कशाचा आणि वगळले गेल्याची लाज तरी कशाची?

म्हणून मुंबईकराने सुटकेचा निःश्वास टाकला, ह्यात मला पाप दिसत नाही. आपले लेकरू गर्दीतून सुखरूप घरी आले, की आई देवापुढे साखर ठेवते. त्या वेळी दुसऱ्या कोणाच्या लेकराचे काय झाले हे तिला सुचत नाही, आणि सुचावे असा आग्रहही कोणी धरू नये. पहिला श्वास ज्याचा त्याचा असतो. नीतीचा प्रश्न सुरू होतो तो दुसऱ्या श्वासापासून. सुटका झाली, मन ठिकाणावर आले. आता मान वळवून पाहायचे की नाही, हे मात्र आपल्या हाती असते.

मुंबई आणि रायगड ह्यांच्यामध्ये निदान खाडीचे पाणी आहे. पण हेच अंतर एकेका गावातही असते. ‘सुरक्षित जागी जा’ असा इशारा येतो, तेव्हा तो सगळ्यांना सारखाच ऐकू येतो. सुरक्षित जागा मात्र सगळ्यांपाशी सारखी नसते. ज्याचे घर स्लॅबचे, तो खिडक्या लावून बसतो. ज्याच्या डोक्यावर पत्रा किंवा कौले, त्याची सुरक्षित जागा म्हणजे दुसऱ्याचे घर, नाहीतर गावची शाळा. आमच्या किहीमच्या बाजूला मुंबईकरांचे बंगले पुष्कळ. मालक सुट्टीला येतात. एरवी मागच्या खोलीत माळी आपल्या बायकामुलांसह राहतो. किल्ली त्याच्या कमरेला असते, पण दार उघडण्याची मुभा त्याला असतेच असे नाही. समजा वादळ आले, माळ्याच्या खोलीचा पत्रा थडथडू लागला, फोन बंद पडला. अशा वेळी त्याने पक्क्या घराचे कुलूप काढावे की मालकाच्या परवानगीची वाट पाहावी? मी तरी म्हणेन, काढावे. पण खरा प्रश्न माळ्यासाठी नाहीच. तो मालकासाठी आहे. ‘वेळ आली तर दार उघडा, वाडीतल्या चार माणसांनाही आत घ्या,’ हे वाक्य त्याने मे महिन्यातच सांगून ठेवायला हवे. जे आधी सांगायला हवे होते ते न सांगणे, आणि मग वादळाला दोष देणे, ही आपली जुनी खोड आहे.

त्या वर्षी तर आणखी एक पेच होता. साथ म्हणत होती, माणसांपासून दूर राहा. वादळ म्हणत होते, एकत्र या. त्यातूनही हजारो माणसे शाळांतून आणि पक्क्या इमारतींतून हलवली गेली. दोन भयांपैकी आज कोणते मोठे, हे पाहून पाऊल टाकावे लागते, हा धडा त्या दिवशी पुस्तकाबाहेर शिकायला मिळाला.

‘होणार ते चुकत नाही’ असे म्हणणारे लोक मला काही मूर्ख वाटत नाहीत. ज्याने आयुष्यभर समुद्र पाहिला, त्याला माणसाची ताकद किती ते ठाऊक असते. तरीपण ह्या म्हणण्याचा पडताळा घेता येतो. १९९९ च्या ऑक्टोबरात, दिवाळी तोंडावर आलेली असताना, ओडिशाच्या किनाऱ्यावर महाभयंकर चक्रीवादळ आले. दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. २०१३ च्या नवरात्रात त्याच किनाऱ्यावर ‘फायलिन’ आले. तेही अतिशय तीव्र होते. ह्या खेपेस जवळजवळ दहा लाख माणसे आधीच हलवली होती, आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. समुद्र तोच, किनारा तोच. मधल्या चौदा वर्षांत तेथे नशीब बदलले की माणसे? वादळ होणारच होते, ते चुकले नाही. मरण मात्र पुष्कळांचे चुकले.

आता समजा, एक आजी घर सोडायला तयार नाहीत. ‘आजी, चला,’ म्हणून पोरे विनवतात. आजी उंबऱ्यात बसून राहतात. त्यांना ओढून न्यावे काय? मला वाटते, आधी त्यांना विचारावे. बहुधा कळते, की आजींना मरणाची हौस नाही. गोठ्यात गाय आहे, तिला सोडून जायचे जिवावर येते. गायीचे दावे सोडा, तिची सोय लावा, आजी आपण होऊन उठतात. तरीही नाहीच उठल्या, तर एवढे सांगण्याचा हक्क आपल्याला आहे : ‘आजी, तुमचा जीव तुमचा, हे कबूल. पण ऐन वादळात तुम्हांला आणायला जी पोरे धावतील, त्यांचे जीव त्यांच्या आयांचे आहेत.’

कारण सुरक्षितता ही एकट्याची वस्तू नाहीच. मी माझ्या पडवीचा सुटा पत्रा तारेने आवळला नाही, तर तो उडून माझ्याच मानेवर पडेल असा नेम नाही. तो पलीकडच्या अंगणात कोयत्यासारखा जाईल. वाळलेल्या झावळ्या आधी उतरवणे, वाळत घातलेली जाळी आणि सुटी लाकडे आत घेणे, पिण्याचे पाणी भरून ठेवणे, कागदपत्रे प्लॅस्टिकमध्ये बांधणे, तुटून लोंबणाऱ्या तारेजवळ कोणाला जाऊ न देणे, ही कामे दिसायला लहान. पण त्यांत निम्मे शेजाऱ्यासाठी असते. आणखी एक गोष्ट मुलांना मुद्दाम सांगावी. वादळाचा डोळा माथ्यावर आला, की वारा एकाएकी पडतो, क्वचित ऊनही दिसते. माणसांना वाटते, संपले. आणि ती पाहायला बाहेर पडतात. थोड्याच वेळात वारा उलट दिशेने तितक्याच जोराने येतो. तेव्हा संपल्याची खातर झाल्याशिवाय दार उघडू नये.

डॉ. सलीम अली ह्यांनी १९३० साली ह्याच किहीमला सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला. नर अर्धे घरटे विणून ठेवतो. मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तरच आपले म्हणते, असे त्यांना दिसले. सुगरणीची घरटी पुष्कळदा झाडाच्या पूर्वेच्या अंगाला लोंबतात. नैर्ऋत्येच्या पावसाळी वाऱ्याला झाडाचा आडोसा होतो. म्हणजे वारा ओळखून घर बांधण्याची सावधगिरी पाखरालाही आहे. पण शेजारचे घरटे नीट बांधले आहे की नाही, हे पाहायला सुगरण जात नाही. तेवढे काम माणसाकडे उरते.

‘निसर्ग’नंतर वर्षभराने, १७ मे २०२१ ला, ‘तौक्ते’ आमच्या किनाऱ्याला समांतर, समुद्रातून उत्तरेकडे गेले. पुन्हा आम्ही म्हणालो, टळले. त्याच वेळी बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ नावाचा बार्ज बुडाला आणि सत्तरपेक्षा जास्त माणसे समुद्रात गेली. आदल्या वर्षी जे वाक्य आम्हांला टोचले होते, तेच आता आमच्या तोंडी आले.

आणि जे टळत नाही, ते एका दिवसात संपतही नाही. ‘निसर्ग’नंतर सरकारने रायगडला तातडीचे १०० कोटी रुपये जाहीर केले, पुढे बागायतीची भरपाई हेक्टरी ५०,००० रुपयांपर्यंत वाढवली. पण आमच्या वाड्या हेक्टरात मोजल्या जात नाहीत, गुंठ्यांत मोजल्या जातात. दहा गुंठ्यांच्या वाडीला त्या दराने पाच हजारांच्या आसपास येतात. नवी पोफळ लावली तर सुपारी धरायला पाच-सात वर्षे लागतात, नारळालाही तितकीच. आणि पाडलेली झाडे बहुतेक आजोबांच्या हातची होती. वर्तमानपत्रातून वादळ आठवड्यात ओसरते. वाडीतून ते मुले मोठी होईपर्यंत ओसरत नाही. मान वळवून पाहायचे ते ह्यासाठी. पहिल्या दिवशी सगळेच धावतात. तिसऱ्या महिन्यात कोण विचारतो, ह्यावर शेजाराची किंमत ठरते.

तेव्हा ‘इडा पिडा टळो’ असे ह्या पाडव्यालाही अवश्य म्हणावे. त्या मागण्याला दुसरा अर्धा भाग आहे, हे मात्र विसरू नये. बळी लक्षात राहिला तो त्याच्यावरची पीडा टळली म्हणून नव्हे; दारी आलेल्याला त्याने नाही म्हटले नाही म्हणून. पीडा टळेल की नाही हे वाऱ्यावर आहे. तिने ज्याला गाठले त्याच्यासाठी आपले दार उघडे आहे की नाही, एवढे आपण फराळाला बसण्यापूर्वी एकदा पाहून यावे.