रसविघ्न आणि वीणेचा पहारा

कलेचे मूल्य तिच्या स्वतःतच असते की तिच्यामुळे माणसांच्या एकत्र जगण्यात जे घडते त्यात असते, हा सौंदर्यशास्त्रातील जुना वाद रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात मोठ्या काटेकोरपणे मांडला आहे. कलेला जीवनव्यवहारापासून स्वतंत्र मानणारी ती अलौकिकतावादी भूमिका आणि तिला त्या व्यवहाराचाच भाग मानणारी ती लौकिकतावादी भूमिका, असे दोन ध्रुव दाखवून त्यांनी कलेची संकल्पना यांपैकी कोणत्याही एका ध्रुवाशी बांधता येत नाही, असे प्रतिपादन केले. या चर्चेत उदाहरणे बहुधा कविता, चित्र आणि नाटक यांची येतात. मात्र महाराष्ट्राच्या खेड्यांत भरणाऱ्या अखंड हरिनाम सप्ताहाचे उदाहरण घेतले, तर वादाचे स्वरूपच काहीसे पालटते.

सप्ताहात पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत पारायण, गाथाभजन, प्रवचन आणि हरिपाठ असा क्रम सात दिवस चालतो आणि काल्याच्या कीर्तनाने व महाप्रसादाने त्याची सांगता होते. या काळात वीणा खाली ठेवायची नसते. गावकरी पाळीपाळीने ती गळ्यात घेऊन उभे राहतात आणि या पाळीला ‘पहारा’ म्हणतात. पहारेकऱ्याचा गळा गोड असलाच पाहिजे, अशी अट नसते. कीर्तनकार एक अभंग निरूपणासाठी घेतो, मागे उभे असलेले टाळकरी त्याचे चरण उचलून धरतात, पखवाजाची साथ चालू असते आणि समोर बसलेले लोक नामघोषात सामील होतात. त्यामुळे कलावंत कोठे संपतो आणि श्रोता कोठे सुरू होतो, हे नेमके दाखवणे अवघड होते.

अशा प्रसंगाला कांटच्या १७९० मधील सिद्धान्ताची चौकट लावली, तर अडचण येते. सौंदर्याचा आनंद हा वस्तूच्या उपयोगाशी किंवा तिच्या प्राप्तीच्या इच्छेशी निगडित नसलेला, म्हणजे हितसंबंधविरहित असतो, असे कांट म्हणतो; कीर्तनाला बसलेल्या माणसाला मात्र पुण्य हवे असते, मनाचा भार हलका व्हायला हवा असतो आणि कधी कधी नुसती सोबतही हवी असते. याउलट कीर्तनामुळे गावात एकोपा राहतो, एवढेच त्याचे मूल्य मानले, तर तोच एकोपा ग्रामसभेने किंवा कुस्तीच्या फडाने साधला असता चाल, ताल आणि निरूपण यांची गरज का उरावी, याचे उत्तर मिळत नाही. कलेच्या सामाजिक उपयोगाची आजकाल जी भाषणे होतात, त्यांत हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही.

या कोंडीतून बाहेर पडण्याची एक वाट अभिनवगुप्ताच्या रसविचारात सापडते. दहाव्या-अकराव्या शतकांत काश्मीरात होऊन गेलेल्या या शैव तत्त्वज्ञाने नाट्यशास्त्रावरील ‘अभिनवभारती’ या टीकेत रसास्वादाच्या आड येणारे अडथळे, म्हणजे ‘रसविघ्ने’, सांगितली आहेत आणि त्यांतील एक म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखात प्रेक्षकाचे गुरफटलेले असणे. घरची चिंता डोक्यात घेऊन आलेल्या माणसाचे मन दुसऱ्या कशावर ठरत नाही. म्हणून वाद्य, गायन आणि सजवलेला मंडप यांची योजना असते आणि तिच्यामुळे एरवी रसिक नसलेला माणूसही सहृदय होतो, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. येथे कला केवळ सहृदयांपुढे सादर होत नाही, तर ती सहृदय घडवते. कीर्तनारंभीच्या भजनाचे आणि टाळ-पखवाजाच्या गजराचे प्रयोजन या विचाराने नीट उलगडते: निरूपण कानावर पडण्यापूर्वी श्रोत्याचे ‘माझे’ दुःख सैल व्हावे लागते, आणि ते सैल करण्याचे काम सूर-ताल करतात. ते दुःख नाहीसे होत नाही. त्याची खाजगी मालकी तेवढी सुटते. याच प्रक्रियेला रसशास्त्र ‘साधारणीकरण’ म्हणते.

यावर धर्माच्या बाजूने एक आक्षेप संभवतो. गायलेल्या वचनापेक्षा गायनाचेच सुख अधिक वाटू लागले तर काय, ही चिंता संत ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनात व्यक्त केली आहे आणि वारकरी परंपरेतही सुराला नामाच्या अधीन ठेवण्याचा कटाक्ष दिसतो. हा आक्षेप खरा असला, तरी त्याचा रोख नुसत्या दाद देणाऱ्या श्रोत्यावर आहे. पहाऱ्याला उभ्या असलेल्या किंवा टाळ वाजवणाऱ्या माणसाला तो फारसा लागू पडत नाही.

मंडप, वाद्य आणि श्रोते यांपैकी काहीच नसतानाही हीच प्रक्रिया घडते, हे जात्यावरच्या ओवीवरून दिसते. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांच्या पुढाकाराने ग्रामीण स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित झाल्या. या परंपरेत सासरचा जाच, माहेरची ओढ, भाऊ आणि विठ्ठल हे सारे एकाच छंदात येतात. पहाटे दळणारी बाई आपली व्यथा अशा घाटात बसवते, की ती शेजारणीलाही स्वतःची म्हणून गाता यावी.

पण समूहाने कलेला जवळ केले म्हणून कलावंताला जवळ केले, असे होत नाही. खंडोबाच्या जागरणात मुरळीचे गाणे हवे, गोव्यातील देवळांच्या उत्सवांत कलावंतिणींचे गायन हवे, पण त्या स्त्रियांना गृहस्थी प्रतिष्ठा मात्र नाही, अशी व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या टिकली. मुलींना देवाला वाहण्याविरुद्धचा कायदा मुंबई प्रांतात १९३४ मध्ये करावा लागला. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गायिका गोव्याच्या याच कलावंत समाजातून पुढे आल्या, हे अभिमानाने सांगितले जाते. त्यांच्या आधीच्या असंख्य जणींचे काय झाले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. रसशास्त्राने सहृदयाचा विचार अत्यंत सूक्ष्मपणे केला, परंतु गाणाऱ्याच्या सामाजिक स्थानाचा विचार त्याच्या कक्षेत जवळजवळ आलाच नाही, आणि मराठी सौंदर्यविचारानेही ही उणीव अद्याप भरून काढलेली नाही.