जुना फड, नवी बतावणी

फाल्गुन लागला की करमाळा तालुक्यातल्या गावागावांत एकच वाद पेटतो: यंदा यात्रेला काय आणायचं? दोन वर्षांपूर्वी अशा एका बैठकीत मी बसलो होतो. मारुतीच्या देवळातली सतरंजी, पट्टीचे हिशेब, मधे चहाची किटली. पोरांना ऑर्केस्ट्रा हवा होता. तेवढ्यात कुणीतरी बातमी काढली, की बारा-चौदा वर्षांपूर्वी मोडलेला एक फड एका हंगामापुरता पुन्हा जमतोय. तोच सोंगाड्या, तोच ढोलकीवाला, त्याच दोघी बहिणी. सगळी माणसं आता साठीच्या पुढची.

पेन्शनर मास्तर हरखले. "आणा. एकदा डोळे भरून बघू द्या."

गॅरेजवाला आडवा पडला. हा माणूस तरुणपणी त्या फडाच्या मागं सायकलवर जेऊर, केम, पार परांड्यापर्यंत फिरलेला. तो म्हणाला, "नको मास्तर. मी त्याला कनातीमागनं कोलांटी मारत बोर्डावर येताना बघितलंय. आता तो खांबाला धरून चढणार. ते मला बघायचं नाही."

मला नवल वाटलं ते याचं. फडाला विरोध करणारा माणूस फडाचा सगळ्यात मोठा वेडा होता. ऑर्केस्ट्रावाल्या पोरांना म्हाताऱ्या सोंगाड्याचं सोयरसुतक नव्हतं. फड आणला तरी त्यांना चाललं असतं.

हा किस्सा पुण्यात शिकणाऱ्या पुतण्याला सांगितला, तर तो हसत सुटला. "काका, हे तर आमच्या पंकवाल्यांचं भांडण!" मग त्यानं माझी शिकवणी घेतली. पंक म्हणजे १९७०च्या दशकात न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये उसळलेलं संगीत. गिटारचे तीन कॉर्ड आले तरी पुरे, गाणं दोन-अडीच मिनिटांत खलास, आणि तोंडात राणीपासून रेकॉर्ड कंपनीपर्यंत सगळ्यांना शिव्या. लंडनच्या सेक्स पिस्टल्सनी १९७७ मध्ये स्टुडिओत केलेला एकच अल्बम काढला आणि जानेवारी १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्यक्रमानंतर ते फुटले. १९९६ साली तीच मंडळी पुन्हा उभी राहिली. गायक जॉन लायडन तेव्हा चाळीस वर्षांचा होता. दौऱ्याला त्यांनी नाव दिलं त्याचा मराठीत अर्थ होतो 'घाणेरडा पैसा', आणि तुमच्या पैशासाठीच आलोय हे तोंडावर सांगितलं. काही चाहत्यांना ती गद्दारी वाटली. काहींना वाटलं, इतका प्रामाणिक पंक दुसरा नाही.

मला यातलं गाणं फारसं कळलं नाही. पुतण्यानं कानात घातलेलं यंत्र मी दोन मिनिटांत काढून ठेवलं. पण माणसं ओळखीची वाटली. न्यूयॉर्कचे रामोन्स १९७४ ते १९९६ या बावीस वर्षांत २,२६३ कार्यक्रम करत हिंडले. त्यातले दोन मुख्य गडी कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, तरी गाडी एकच आणि बोर्डही एकच. हे ऐकून माझ्या डोळ्यांपुढं न्यूयॉर्क आलं नाही. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास लागणाऱ्या राहुट्या आल्या, जिथं गावोगावचे पंच सुपारी द्यायला जातात आणि हंगामापुरतं वैर ट्रंकेत ठेवून माणसं कामाला लागतात.

फरक एका ठिकाणी आहे आणि तो मोठा आहे. पंकवाल्यांना थांबता आलं. 'आम्ही फुटलो' असं जाहीर करायलाही ऐपत लागते. दसऱ्याला बाहेर पडायचं, चैत्र-वैशाखाच्या यात्रा करायच्या आणि पावसाळ्यात पुढच्या हंगामाची उचल खात घरी बसायचं, अशा चक्रात 'निवृत्ती' हा शब्द बसतच नाही. तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांना १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, आणि तरीही त्यांची अखेरची वर्षं हलाखीत गेली. २००२ साली त्या वारल्या. पुढं सरकारनं तमाशाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावानं सुरू केला. आज ज्येष्ठ कलावंताला सरकारी मानधन मिळतं महिना ५,००० रुपये, तेही कागद पुरे झाले तर. त्यामुळं 'आता यांनी थांबावं' असं पारावर बसून म्हणणाऱ्यानं आधी त्यांच्या किराण्याचा विचार करावा. गॅरेजवाल्याला हे मी म्हणालो. तो गप्प झाला, पण पटलं नाही त्याला. त्याचं दुःख किराण्याचं नव्हतंच. त्या कोलांटीबरोबर त्याची स्वतःची सायकल, त्याचे अठरा वर्षांचे पाय गुंडाळून ठेवलेले होते. सोंगाड्या खांबाला धरून चढला असता, तर म्हातारा गॅरेजवाला झाला असता.

वयाचं म्हणाल, तर आपल्याकडं त्यावरही उत्तर सापडतं. बैठकीच्या लावणीत बाई बसून गाते आणि अदा करते. सगळा खेळ डोळे, मान आणि बोटांचा. लावणी गाणाऱ्या यमुनाबाई वाईकरांची अदाकारी पाहून बिरजू महाराजांसारखा नर्तक त्यांच्या गाण्यावर नाचला, तेव्हा यमुनाबाई साठीला टेकल्या होत्या. त्यांना पद्मश्री मिळाली २०१२ साली, वयाच्या नव्वदीनंतर. अलीकडं भूषण कोरगावकर आणि सावित्री मेधातुल यांच्या 'संगीत बारी' या प्रयोगात शकुंतलाबाई नगरकर बसल्या, तर तरुण पोरी मागं पडाव्यात. म्हणजे म्हातारपणाला जागा करून देणारी रचना आमच्या कलेत आधीपासून आहे. पंकमध्ये ती नव्हती. तिथं उडी मारणं हेच गाणं होतं. म्हणून तिथला प्रश्न जास्त जिव्हारी लागतो.

पण मग सोंगाड्याचं काय? त्याची तर उडीच होती.

शेवटी फड आला. कमिटीनं सुपारी दिली, मास्तरांच्या हट्टापुढं कुणाचं चाललं नाही. संध्याकाळी मी पालात डोकावलो. ट्रंकेवर बसून सोंगाड्या गुडघ्याला डॉक्टरी पट्टा बांधत होता आणि त्यावरून धोतर नीट चापून घेत होता. बाहेर एक पोरगा पाचटाच्या जाळावर हलगी शेकत होता. गण झाला, गवळण झाली. बतावणीला सोंगाड्या आला तो खरोखरच खांब धरून. आणि त्यानं जुनी बतावणी काढली. तीच, वीस वर्षांपूर्वीची: रॉकेलची रांग, रेशनचा दुकानदार. म्हातारे हसले. पोरं मोबाइल बघत बसली. त्यांनी रॉकेलची रांग पाहिलेलीच नाही. तेव्हा मला गॅरेजवाल्याची भीती खरी वाटली.

मधेच लाइट गेली. अंधारात दहा-बारा सेकंद गलका. आणि त्या अंधारातून त्याचा आवाज आला, "दाजी, उजनी उशाला अन् घसा कोरडा! माझं गाव घातलं पाण्यात, अन् मलाच म्हणत्यात, पाण्यासाठी अर्ज कर!" उजनी धरणात गाव गेलेली घरं त्या गर्दीत किती असतील, त्याचा हिशेब तालुक्यातल्या माणसाला सांगायला नको. मांडवातून शिट्टी आली, ती पोरांच्या बाजूनं. लाइट आल्यावर त्यानं ते धरून ठेवलं. अर्धा तास पाणी, बिल, साखर कारखान्याची थकलेली बिलं. पुढच्या खुर्चीवर बसलेल्यांची नावं तेवढी घेतली नाहीत. खांब त्यानं कधी सोडला, कुणाच्या लक्षात आलं नाही.

माझं म्हणणं एवढ्यापुरतंच आहे. म्हाताऱ्यांनी पुन्हा जमावं की नाही, हा वाद वयावर घालून आपण फुकट दमतो. ते कुणावर तोंड टाकणार आहेत, हे विचारा. आमच्या शेजारच्या बार्शीचे शाहीर अमर शेख यांनी अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं केलं, संयुक्त महाराष्ट्राची लढाई डफावर लढवली. १८ जुलै १९६९ला अण्णाभाऊ गेले. सहा आठवडे उलटले नाहीत तोवर, २९ ऑगस्टला, अमर शेखांना इंदापूरजवळ अपघातात मरण आलं. १८ जानेवारी १९८२ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा अमर शेख असते तर पासष्टीचे असते. त्या दिवशी ते आणि अण्णाभाऊ पिकल्या केसांनी गिरणीच्या फाटकावर उभे राहिले असते, तर 'आता यांचं वय झालं' असं कोण म्हणालं असतं?

पुतण्यानं याला जोडून एक गोष्ट सांगितली. लंडनच्या क्लॅश या बँडनं जुळून यावं म्हणून लोक वर्षानुवर्षं मागं लागले होते. ते आले नाहीत. पण १५ नोव्हेंबर २००२ला संपावरच्या अग्निशामक जवानांच्या मदतीसाठी क्लॅशचा गायक जो स्ट्रमर लंडनच्या ॲक्टन भागात गात होता आणि प्रेक्षकांत बसलेला त्याचा जुना जोडीदार मिक जोन्स न सांगता गिटार घेऊन वर चढला. महिना-सव्वा महिन्यात, २२ डिसेंबरला, स्ट्रमर गेला.

तेव्हा यंदा पाडव्याला सुपारी घेऊन निघणाऱ्या पंचांना माझी विनंती आहे. जुना फड जमत असेल तर खुशाल आणा, पैसे आधी द्या, बोर्डाला दोन पायऱ्या जास्त लावा. 'ती जुनी बतावणी होऊ द्या' अशी चिठ्ठी मात्र पाठवू नका. आणि नव्या बतावणीत तुमचंच नाव निघालं, तर पुढच्या खुर्चीवरून उठून जाऊ नका.