दोन संघ, एक कुलदेवता

अंतिम सामन्याआधी दोन संघांची पारडी जोखायची आणि त्याच सामन्यासाठी देवाला साकडेही घालायचे, या दोन गोष्टी एकाच मनात कशा नांदतात, हा धर्मविचारातला जुना प्रश्न आहे. उरण तालुक्यातील मोरा बंदरापासून पनवेलपर्यंतच्या आगरी-कोळी गावांत तो कबड्डीच्या निमित्ताने उभा राहतो. स्पर्धा महाविद्यालयांची असो वा गावकीची, दोन्ही संघांतली बरीच पोरे कार्ल्याच्या एकवीरेलाच कुलदेवता मानणारी. नारळ दोघेही फोडतात. चषक मात्र एकच असतो.

अंदाज बांधणारा देवाकडे वळत नाही. त्याचे लक्ष डाव्या कोपऱ्यावर असते. तिथला खेळाडू घोटा धरण्यात तरबेज आहे का, मध्यरक्षक साखळी वेळेवर आवळतात का, मुख्य चढाईपटू बाद झाला तर त्याला जिवंत करणारा दुसरा कोणी आहे का, हे तो पाहतो. तीस सेकंदांची चढाई आणि वीस-वीस मिनिटांचे दोन डाव एवढ्यात दुबळ्या संघालाही वाट मिळते. अख्खा संघ बाद होऊन लोण चढला की समोरच्याला दोन जादा गुण जातात. पण मैदानावर तिघेच किंवा त्याहून कमी उरले असताना पकड साधली, तर एक जादा गुण त्या मोडक्या संघालाही मिळतो. म्हणून जाणता माणूस ‘जिंकणारच’ म्हणत नाही, ‘साठ-चाळीस’ म्हणतो.

हे साठ-चाळीस नेमके कशाचे माप? मोऱ्यात उद्याविषयी दोन प्रकारे बोलले जाते. ओहोटीला बंदरातल्या गाळामुळे भाऊच्या धक्क्याची लाँच अडते, आणि ती वेळ कोळी माणूस तिथीवरून आधीच सांगतो. तो अंदाज नव्हे, हिशेब आहे. सामन्याबद्दल तसे बोलता येत नाही. ॲरिस्टॉटलने हाच पेच समुद्रावरच्या लढाईच्या उदाहरणाने मांडला: ‘उद्या आरमारी लढाई होईल’ हे विधान आजच खरे असेल, तर उद्याच्या माणसाच्या हातात उरले काय? पुढे 1654 मध्ये पास्कल आणि फर्मा यांनी अर्धवट सुटलेल्या डावातील पैजेच्या वाटणीवर पत्रव्यवहार केला आणि संभाव्यतेच्या गणिताचा पाया पडला. त्या गणिताने पेच सोडवला नाही, तो बाजूला ठेवला. न घडलेल्या गोष्टीबद्दल किती भरवसा धरावा, एवढेच ते सांगते. 1990 ते 2014 या सातही आशियाई स्पर्धांत पुरुष कबड्डीचे सुवर्ण भारताचे होते. 2018 मध्ये जकार्त्यात उपांत्य फेरीत इराणने भारताला 27-18 असे हरवले. आधीचा भरवसा गैर नव्हता, पण तो सात सुवर्णांबद्दल होता, आठव्याबद्दल नव्हे.

भारतीय परंपरेने या प्रश्नाला दैव आणि पुरुषकार यांच्या वादाचे रूप दिले. याज्ञवल्क्यस्मृतीला एका चाकाचा रथ चालत नाही, म्हणून दोन्ही हवीत असे वाटते. योगवासिष्ठ अधिक रोखठोक आहे: दैव म्हणजे पूर्वीचाच पुरुषार्थ, तो आणि आजचा पुरुषार्थ दोन एडक्यांसारखे झुंजतात आणि बळकट असेल तो जिंकतो. अंदाजकर्त्याचे सारे भांडवल पहिल्या एडक्यावर लागलेले असते, कारण मागचा सराव आणि मागचे निकाल एवढेच त्याला दिसते. गीतेचा अठरावा अध्याय कर्माची पाच कारणे सांगतो: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना चेष्टा आणि पाचवे दैव. दैव त्यात आहे, पण ते पाचातले एक आहे. कौल लावून निकाल विचारणाऱ्यांना ही गोष्ट सहसा आवडत नाही.

मग नारळाचे काय? दोन भक्तांची परस्परविरुद्ध मागणी देव पुरवू शकत नाही, आणि अधिक नवस बोलणाऱ्याची बाजू घेतो म्हणावे तर तो पंच राहत नाही. शैव परंपरेत तर देव स्वतःच खेळतो आणि हरतो. वेरूळच्या 21 क्रमांकाच्या लेण्यात शिवपार्वती सारीपाट खेळताना कोरले आहेत. मोऱ्यासमोरच्या घारापुरीतील एक शिल्पपटही काही अभ्यासक तसाच वाचतात. पार्वतीकडून डाव हरणाऱ्या शंकराकडे विजयाची हमी मागणे जरा अवघडच. अंग शाबूत राहो, ऐनवेळी हात थरथरू नयेत, हे मागणे मात्र दोन्ही संघांना एकाच वेळी मागता येते आणि पुरेही होऊ शकते. प्रार्थनेचा तर्काला टिकणारा भाग तेवढाच.

पाचवे कारण, म्हणजे दैव, कोणत्या रूपात येईल, हे मात्र साठ-चाळीस सांगणाऱ्यालाही कळत नाही. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत आणि इराण अंतिम सामन्यात 28-28 वर असताना भारताच्या पवन सेहरावतच्या एका चढाईवरून जुना नियम लागू की नवा, असा वाद पेटला आणि खेळ तासाभराच्या आसपास थांबला. शेवटी भारताने सामना 33-29 असा जिंकला.